डांबरी की काँक्रीट: रस्त्याचा हिशोब ३० वर्षांचा करा

टेंडरमधला आकडा बघून डांबरी स्वस्त म्हणणारे खूप भेटतात, पण तो फक्त पहिल्या दिवसाचा खर्च झाला. काँक्रीट सुरुवातीला महाग पडतं हे खरंय, पण नीट केलं तर ३० वर्षं टिकतं, मधे फक्त जॉइंटचं सीलंट (स्लॅबमधल्या फटी बुजवणारा मसाला) बदलायचं. डांबरीला दर ८-१० वर्षांनी वरचा थर नवीन लागतोच, आणि डांबर निघतं क्रूडमधून, म्हणजे तेव्हाचा भाव आज कोण सांगणार?

पाणी साचलं की डांबर खडीला सोडतं, मग एक खड्डा आणि मागून दहा. काँक्रीटला याचा एवढा त्रास नाही.

पण दुरुस्तीत डांबर सरस! रात्री थर टाका, सकाळी गाड्या चालू. काँक्रीटला पूर्ण ताकद यायला साधारण २८ दिवस, आणि पाइपलाइनसाठी एकदा फोडलं की ते ठिगळ जन्मभर गाडीला दणका देतं.

त्यामुळे जड ट्रक, पाणी साचणारा भाग आणि खालच्या लाइनी आधीच टाकून झालेल्या असतील तर काँक्रीट, आणि कमी वाहतूक, हातात पैसे कमी किंवा खोदकाम व्हायचंच असेल तर गुपचूप डांबरी करा.