पतसंस्थेची निवडणूक आणि एकहाती पुरवठादार : कोल्हापुरातील अनुभव

आमच्या पतसंस्थेच्या संचालक मंडळाची पंचवार्षिक निवडणूक यंदा बिनविरोध झाली नाही. निवडणूक निर्णय अधिकारी सहकार खात्याचे असले, तरी मतपत्रिकांची छपाई, मतदान कक्ष, वाहने, मंडप आणि कर्मचाऱ्यांचे जेवण यांची जुळवाजुळव संस्थेच्या खर्चाने व्हायची होती. व्यवस्थापक या नात्याने मी हे सारे काम शहरातील एका जुन्या छापखान्याकडे एकहाती सोपवले. अशा निवडणुकांचे साहित्य पुरवण्याचा त्यांचा जोडधंदा आहे.

छपाईबद्दल तक्रारीला जागा नाही. माघारीची मुदत संपून चिन्हे ठरल्याखेरीज मतपत्रिका छापता येत नाहीत, त्यामुळे हाती दिवस मोजकेच राहतात. सर्वसाधारण, महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास आणि भटके-विमुक्त अशा पाच गटांच्या पाच रंगांतील मतपत्रिका त्यांनी वेळेआधी दिल्या. स्थळप्रतीपासून मतपत्रिका फाडताना एकही कोपरा तुटला नाही. कागद त्यांनी हट्टाने जाड घ्यायला लावला, कारण पातळ कागदावर फुलीच्या शिक्क्याची ओली शाई घडी घालताच समोरच्या उमेदवारापुढे उमटते आणि मोजणीच्या वेळी त्या एका डागावरून दोन्ही पॅनेलचे प्रतिनिधी हमरीतुमरीवर येतात.

खरी पारख झाली ती मतदान कक्षांच्या बाबतीत. सुमारे ६,४०० सभासद आणि ११ केंद्रे, म्हणजे केंद्रामागे ५८० मतदार. मी प्रत्येक केंद्रावर दोन कक्ष धरले होते. छापखान्याच्या मालकांनी माझ्यासमोर पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला : सकाळी ८ ते संध्याकाळी ५ म्हणजे ५४० मिनिटे, पाच मतपत्रिकांवर शिक्के मारायला वयस्कर सभासदाला तीन मिनिटे लागणार, म्हणजे एका कक्षातून दिवसभरात १८० जण आणि दोन कक्षांतून जेमतेम ३६०. विधानसभेला यंत्राचे बटण दाबून बाहेर पडणाऱ्या रांगेवरून मी अंदाज बांधला होता, तो इथे साफ चुकला असता. आम्ही चार कक्ष केले. डेअरीत दूध घालून आलेली मंडळी दहाच्या सुमारास एकदम लोटली, तरी रांग शाळेच्या फाटकाबाहेर गेली नाही.

गडहिंग्लजच्या केंद्राची मतपेटी निपाणीमार्गे आणायची, तर वाटेत कर्नाटकाची हद्द लागते. अधिकाऱ्यांना ते पसंत नव्हते, म्हणून गाडी गारगोटीवरून फिरवली. चालकाने कुरकुर केली नाही.

मोजणीत मात्र याच लोकांचे गणित फसले. सुमारे ५,००० जणांनी मतदान केले, म्हणजे २५,००० मतपत्रिका. त्या आधी रंगांनुसार वेगळ्या करायच्या, मग २५-२५ चे गठ्ठे बांधायचे आणि त्यानंतर प्रत्यक्ष मोजणी. एवढ्या कामाला त्यांनी सहा टेबले मांडली आणि रंगवार ट्रे आणलेच नाहीत. अखेर आम्ही संस्थेच्या पासबुकांची खोकी रिकामी करून वापरली. त्यातच दुपारी मोजणीच्या टेबलांशेजारी मिसळ वाढायला घेतली. कोल्हापुरात मिसळीला नाही म्हणणे जड जाते, पण तांबड्या कटाचा एक थेंब गुलाबी मतपत्रिकेवर पडला असता तर वाद कोर्टापर्यंत गेला असता, म्हणून पातेली बाहेर पाठवावी लागली. निकाल लागायला रात्रीचे दोन वाजले.

छपाई आणि मतदान कक्ष यांसाठी मी पुन्हा त्यांच्याकडेच जाईन. मोजणीची मांडणी दुसऱ्याला देईन, किंवा टेबले आणि ट्रे यांचा आकडा करारातच लिहून घेईन. बिलातून मोजणीच्या मंडपाची निम्मी रक्कम त्यांनी आपणहून कमी केली, फुलीचे ४४ शिक्के मात्र एकेक मोजून परत घेतले. मोजणीनंतरच्या आवराआवरीत त्यातला एक हरवला होता, त्याचे पैसे आम्ही भरले.