कार्डवरचे फोटो उडाले तर फोटोरेक, पण त्याआधी हे वाचा

मेमरी कार्डवरून उडालेले फोटो परत मिळवायला मी एकच सॉफ्टवेअर सुचवते, फोटोरेक. ते फुकट आहे, दिसायला अगदी रुक्ष आहे, आणि माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास आहे. क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी ते लिहिलंय. त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे आणि ते विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. त्यांच्या सीजीसिक्युरिटी या साइटवरून झिप उतरवायची, उघडायची आणि सुरू करायचं. इन्स्टॉल करायला काहीच नाही, त्यामुळे पेन ड्राइव्हवरूनही चालतं. फोटो कॉम्प्युटरच्या स्वतःच्याच डिस्कवरून गेले असतील तर याला फार महत्त्व आहे, कारण त्या डिस्कवर नवीन काही टाकलं की नेमकं हवं तेच त्याखाली गाडलं जाऊ शकतं.

आमच्या ऑनलाइन मैत्रिणींच्या गटात कुणाचा लॅपटॉप अडला, फोन रुसला की मला विचारतात. बाकीचे प्रश्न दुसऱ्या दिवसावर ढकलता येतात, पण ‘फोटो गेले गं’ असं कुणी लिहिलं की मी हातातलं काम सोडते. पहिलं उत्तर ठरलेलं असतं, कॅमेरा बंद कर आणि कार्ड बाहेर काढ. मोठ्या एसडी कार्डच्या डाव्या कडेला एक इवलीशी सरकपट्टी असते, ती लॉककडे सरकव. आता त्यावर एकही नवा फोटो काढायचा नाही, आणि विंडोजने ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का’ असं विचारलं तर नाही म्हणायचं.

एवढा आग्रह का, ते सांगते. फाइल डिलीट केली की फोटो लगेच पुसला जात नाही. फॅट३२ ही फाइलींची नोंद ठेवायची एक पद्धत, त्या पद्धतीच्या कार्डवर फाइलच्या नावाचं पहिलं अक्षर बदलतं आणि ती जागा मोकळी असल्याची नोंद होते. कॅमेऱ्यातलं नेहमीचं झटपट फॉरमॅटही बहुतेक वेळा तेवढंच करतं. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली तरी आतली पानं जागेवरच राहतात, तसं. मात्र नवीन फोटो काढला की तो त्या मोकळ्या जागेत जाऊन बसतो, आणि मग जुना कुणालाच परत आणता येत नाही.

फोटोरेक अनुक्रमणिकेकडे बघतच नाही. कार्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत जातं आणि फाइलींच्या सुरुवातीच्या खुणा शोधतं. जेपीईजी फोटो एफएफ, डी८, एफएफ या तीन बाइट्सनी सुरू होतो. ती खूण दिसली की इथून फोटो सुरू झाला असं धरून ते पुढचा मजकूर उचलतं. असे ४८० हून जास्त प्रकार त्याला ओळखता येतात. म्हणूनच कार्ड फॉरमॅट झालेलं असो की त्याची फाइल सिस्टिम, म्हणजे फाइलींची नोंद ठेवायची व्यवस्था, बिघडलेली असो, त्याचं काम अडत नाही.

आमच्यातली एक मैत्रीण रात्री पतंगांचे फोटो काढते, फुलपाखरांचे भाऊबंद असतात ना, ते. एका पानावर बसलेल्या पतंगाचे तिने तासन्‌तास टिपलेले फोटो होते आणि कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट झालं. रडवेली झाली होती. स्क्रीन शेअर करून आम्ही बसलो. काळ्या खिडकीतली पांढरी अक्षरं बघून ती म्हणाली, ‘अगं, हे मला नाही जमायचं.’ जमलं. डिस्कच्या यादीतून कार्ड ओळखायचं ते आकारावरून. तिचं ६४ जीबीचं होतं, शेजारी ५९ असाही आकडा होता. तो गिबीबाइटमधला, म्हणजे १००० ऐवजी १०२४ च्या पटीने मोजलेला, जागा कुठे हरवलेली नाही. त्याच ओळीच्या शेवटी कंसात ‘आरओ’ अशी दोन अक्षरं होती. ती मी तिला मुद्दाम दाखवली. त्यांचा अर्थ ‘रीड ओन्ली’, म्हणजे फोटोरेक हे कार्ड फक्त वाचणार, त्यावर काहीही लिहिणार नाही. माझा विश्वास बसलाय तो या दोन अक्षरांमुळे. काळ्या खिडकीची धास्ती वाटत असेल तर त्याच झिपमध्ये क्यूफोटोरेक आहे, त्यात माउसने काम होतं. विंडोजवर दोन्ही अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावी लागतात.

पुढे फाइलींचे प्रकार निवडायचे. सगळे तसेच ठेवले तर नको तो कचराही भरपूर येतो. काळ्या खिडकीत एस दाबलं की सगळ्या खुणा निघतात, मग हवे तेवढेच प्रकार निवडता येतात. इथे एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही. रॉ फोटो, म्हणजे कॅमेऱ्याने काहीही प्रक्रिया न करता ठेवलेले, काढणाऱ्यांनी यादीतल्या टिफ या प्रकाराची खूण काढू नये, कारण निकॉनचे एनईएफ आणि कॅननचे जुने सीआर२ टिफमध्येच मोडतात. पतंगवाल्या मैत्रिणीचे सगळे फोटो एनईएफ होते. शेवटी फोटो कुठे ठेवायचे ते विचारतं. तिथे कॉम्प्युटरवरचं फोल्डर द्यायचं, तेच कार्ड कधीही नाही.

त्यानंतर आकडा वाढताना बघत बसायचं. किती वेळ लागेल ते कार्डच्या आकारावर आणि रीडरच्या वेगावर. तिचे पतंग आले. पंखांवरची भुकटीसुद्धा दिसत होती, इतके स्वच्छ!

आता उणिवा, कारण त्या न सांगता हे सुचवणं बरोबर नाही. फाइलींची नावं परत येत नाहीत. अनुक्रमणिकाच वाचलेली नसते, मग नावं येणार कुठून? एफने सुरू होणारे लांबलचक आकडे हीच नावं, आणि एका फोल्डरमध्ये ५०० फाइली झाल्या की पुढचं फोल्डर. त्यातच टीने सुरू होणाऱ्या बारीक प्रतिमा मिसळलेल्या असतात. ती मूळ फोटोतली छोटी चित्रं, त्यांना बघून फोटो खराब आले असं समजू नका. वर्गवारीचं काम कंटाळवाणं आहे खरं, पण फोटो काढल्याची तारीख फोटोच्या आतच असते. फोल्डरमध्ये ‘डेट टेकन’चा रकाना लावून क्रम लावता येतो. फोटो फारच असतील तर फिल हार्वी यांचं एक्झिफटूल हे सॉफ्टवेअर त्या तारखेवरून नावंही बदलून देतं.

व्हिडिओच्या बाबतीत फार आशा धरू नका. मोठी फाइल कार्डवर तुकड्यांत विखुरलेली असेल तर फोटोरेकला ते तुकडे नीट जुळवता येत नाहीत, आणि फाइल मिळूनही चालत नाही. एसएसडीवरून, म्हणजे लॅपटॉपमधल्या चिपवाल्या डिस्कवरून, डिलीट झालेलं तर सहसा गेलंच, कारण ट्रिम नावाची सोय ती जागा खरोखरच रिकामी करून टाकते. आणि कार्डच मरायला टेकलं असेल, मध्येच दिसेनासं होत असेल, तर थेट फोटोरेक चालवू नका. आधी डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने कार्डची हुबेहूब नक्कल एका फाइलमध्ये बनवा आणि फोटोरेक त्या नकलेवर चालवा. दुखऱ्या कार्डला पुन्हा पुन्हा वाचायला लावणं चांगलं नाही.

फोनच्या आतल्या साठवणीसाठी याचा उपयोग नाही. केबलने जोडलेला फोन डिस्क म्हणून यादीत येतच नाही, आणि आतला मजकूर एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा, असतो. तिथे आधी कचरापेटी बघा. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो डिलीट केल्यावर ६० दिवस राहतो, आयफोनच्या ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये ३० दिवस.

आधी प्रीव्ह्यू दाखवून आशा लावायची आणि सेव्ह करायची वेळ आली की पैसे मागायचे, असे प्रोग्रामही बरेच आहेत. घाबरलेल्या माणसाशी असं वागणं मला पटत नाही. फोटोरेक जे सापडतं ते सरळ हातात ठेवतं. कुणाचं काम झालं की मी त्यांना साइटवरच्या देणगीच्या दुव्याची आठवण करून देते.

एक सूचना मात्र सगळ्यांसाठी, फोटो गेलेले नसले तरी. पतंगांबरोबर त्या कार्डावरून तिने फार पूर्वी डिलीट केलेले घरचे फोटोही वर आले होते. म्हणजे कार्ड विकताना किंवा कुणाला देताना नुसतं झटपट फॉरमॅट पुरत नाही. विंडोजमध्ये ‘क्विक फॉरमॅट’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा, किंवा एसडी असोसिएशनच्या फॉरमॅटरमधला ओव्हरराइटचा पर्याय वापरा. मग त्याच कार्डावर फोटोरेक चालवा. एकही फोटो सापडला नाही तरच ते दुसऱ्याच्या हातात द्या.