टॅटू कुठला काढायचा: चिनी ड्रॅगन, युरोपीय ड्रॅगन की आपला नाग?

मोबाईलवरचा फोटो दाखवून ड्रॅगन गोंदवून घेणारी पोरं सांगली-साताऱ्यात आता पुष्कळ आहेत. पण चित्र कुठल्या परंपरेतलं आहे ते ठरल्याशिवाय सुई लावू देऊ नका. अर्थ पार उलटा निघू शकतो.

चिनी ड्रॅगन पाण्याचा. नद्या, ढग, पाऊस त्याच्या हाती, म्हणून दुष्काळात तिकडचे लोक त्यालाच साकडं घालत. माण-खटावच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. अंग सापाचं, शिंगं हरणाची, खवले माशाचे. पंख बहुधा नसतातच. नख्या मात्र मोजून घ्या. पाच नख्यांचा ड्रॅगन चीनच्या बादशहाचा, जपानी शैलीतला बहुतेक तीन नख्यांचा. दोन चित्रं जोडून नक्षी केली की एका पायाला तीन आणि दुसऱ्याला चार नख्या येतात, आणि ते पुसता येत नाही. लांब अंगामुळे हा दंडापासून मनगटापर्यंत सुरेख वळसे घेतो. खवले निदान ५ मिलिमीटरचे ठेवा. शाई वर्षागणिक कातडीत पसरते आणि बारीक खवल्यांचा नुसता काळा पट्टा उरतो.

युरोपीय ड्रॅगन आग ओकतो, खजिना राखतो. ख्रिस्ती परंपरेत तो बहुतेकदा सैतानाचं रूप, सेंट जॉर्जने मारलेला. वेल्समध्ये मात्र त्याला मान आहे. १९५९ पासून तिथल्या अधिकृत झेंड्यावर लाल ड्रॅगन आहे. पंख पसरायला पाठच हवी. मनगटावर तो वटवाघळासारखा दिसतो.

नाग म्हणजे राखणदार, शेताचा धनी, बायकांचा भाऊ. बत्तीस शिराळ्याच्या मुलखात तो देव आहे, त्यामुळे पायावर किंवा कमरेखाली काढलात तर घरात वाद होणारच. चित्रात हमखास होणारी चूक म्हणजे फण्यावरचा दहाचा आकडा समोरून दाखवणं. तो फण्याच्या पाठीमागे असतो. समोरून पोटाचे आडवे पट्टे दिसतात.

आमचं मत विचाराल तर पूर्ण हातासाठी चिनी ड्रॅगनच घ्यावा. लष्कर भरतीची तयारी असेल तर मात्र थांबा. सर्वसाधारण उमेदवाराला कायमचा टॅटू कोपर ते मनगट आतल्या बाजूला किंवा तळहाताच्या मागेच चालतो. हाताभोवती वळसा घेणारा ड्रॅगन तिथे अडकतो. चालू जाहिरातीतला नियम वाचा आणि काढायचाच असेल तर आतल्या बाजूला एका फण्याचा लहान नाग काढा.