स्टिकर 531चा, नळी भलतीच

रेनॉल्ड्स 531 म्हणजे जुन्या चांगल्या सायकलींच्या फ्रेमसाठी वापरली जाणारी नावाजलेली ब्रिटिश पोलादी नळी. तिचे स्टिकर इंग्लंडमध्ये कोणालाही विकत मिळतात. रंग काढून पुन्हा केलेल्या फ्रेमला मूळ रूप द्यायचं असेल तर ते लागतातच, त्यामुळे विकणाऱ्याचा त्यात दोष नाही. पण ते कोणत्या नळीवर चिकटताहेत हे कोणी तपासत नाही. साडेचारशे पौंडांना घेतलेली, ‘1974ची टूरिंग, संपूर्ण 531 डबल बटेड, नव्याने रिस्टोअर केलेली’ अशी जाहिरात असलेली एक सायकल खोक्यातून पुण्यात आली आणि खोटेपणा उघडा पडायला अर्धा तास पुरला. तो अर्धा तास पैसे देण्याआधी खर्च झाला असता तर बरं झालं असतं.

पहिला पुरावा स्टिकरवरच होता. त्यावर 531 एसटी लिहिलं होतं. हा ‘एसटी’ म्हणजे टूरिंगसाठीच्या नळ्यांचा प्रकार, 1980च्या दशकातला. 1974च्या फ्रेमवर तो मूळचा असूच शकत नाही. आता, रंगवताना कोणी चुकीचं स्टिकर लावलं असं म्हणता येतं, आणि सायकल विकणाऱ्याने नेमकं तेच म्हटलं. म्हणून स्टिकरवर भांडू नये, सरळ सीटची दांडी बाहेर काढावी.

ब्रिटिश फ्रेमची सीट नळी बाहेरून 28.6 मिलिमीटर असते. डबल बटेड म्हणजे टोकांना जाड आणि मध्ये पातळ नळ्या, पण अशा 531मध्येही सीट नळी वरच्या टोकाला पातळ असते, म्हणून तिच्यात 27.2ची दांडी बसते. साध्या, एकसारख्या जाडीच्या चांगल्या नळीत 26.8च्या आसपास. स्वस्त हाय-टेन्साइल पोलादाची भिंत जाड, त्यामुळे दांडी 26.2, 25.8 किंवा त्याहून बारीक. या सायकलीची दांडी व्हर्नियरवर 25.8 भरली. मात्र या नियमाला एक अपवाद आहे, आणि तो माहीत नसल्याने उलटी चूकही होते: जुन्या फ्रेंच फ्रेमची सीट नळी बाहेरून 28.0 असते, तिथे अस्सल 531मध्येही 26.4ची दांडी येते. पूजो या फ्रेंच कंपनीची पीएक्स-10 सायकल हातात असेल तर 27.2 शोधत बसू नका. उलट, आतून रीमर फिरवून भोक मोठं केलेलं असू शकतं, म्हणजे 27.2 बसली तरी एकट्या त्या आकड्यावर विश्वास ठेवू नये.

मग टॉर्च. दांडी काढल्यावर सीट नळीत वरून उजेड पाडा. 531 ही जोड नसलेली, ओढून काढलेली नळी. आत उभी, सरळ वेल्डची रेघ दिसली की प्रश्न मिटला, ती 531 नाही. इथे ती रेघ बोटालाही लागत होती. पण रेघ नाही म्हणजे 531च, असं मात्र नाही. नखाने टिचकी मारून ‘आवाज कसा घुमतो’ ऐकणारे असतात. करमणूक म्हणून ठीक.

जाहिरातीत अठरा फोटो होते. सीट दांडी बाहेर काढलेला एकही नाही, मागच्या ड्रॉपआउटचा (चाकाचा आस बसतो त्या खाचेचा) जवळून एकही नाही, बॉटम ब्रॅकेटच्या (पॅडलचा आस फिरतो त्या सांध्याच्या) खालचा एकही नाही. नेमक्या याच तीन जागा मागाव्यात. ड्रॉपआउट फोर्ज केलेले (ठोकून घडवलेले), जाड आणि नीट घासलेले आहेत की पत्रा कापून नळीचं टोक त्यावर चेपलेलं आहे, हे फोटोतही कळतं. इथे पत्रा होता. बॉटम ब्रॅकेटखाली फ्रेम नंबर असतो. तो घासून काढलेला असेल तर चोरीचा संशय धरावा. ब्रिटनमध्ये नंबर असल्यास बाइकरजिस्टर या सायकल नोंदणीच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

नव्या रंगाखाली काय दडतं ते वेगळंच. पावडर कोटिंग जाड असतं, गंजाचे खड्डे भरून निघतात आणि लगच्या (नळ्या जोडणाऱ्या सांध्यांच्या) कडा बोथट दिसतात. डोकं नळीच्या (हँडलखालच्या पुढच्या आखूड नळीच्या) मागे, वरच्या आणि खालच्या नळीच्या तळाशी बोट फिरवा. तिथे आडवी सुरकुती लागली तर सायकल कधीतरी समोरून आपटली आहे. चिमट्याचं (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कचं) पातं वाकण सुरू होईपर्यंत डोकं नळीच्याच रेषेत चाललं पाहिजे. बाजूने पट्टी धरून पाहा. मागे सरकलेलं दिसलं तर चिमटा गेला. फ्रेम तिरकी आहे का हे कळायला दोरा पुरतो: एका मागच्या ड्रॉपआउटपासून डोकं नळीला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणून बांधा, आणि सीट नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर सोडून द्या. या फ्रेममध्ये फरक पाचचा होता. कारण उघड होतं: पाच गिअरच्या 120 मिलिमीटर जागेत 130चं चाक जबरदस्तीने बसवलेलं, आणि ताण एकाच बाजूने घेतलेला.

‘1974’चं बाकीचं सोंग भागांनी उतरवलं. शिमानोच्या जुन्या भागांमागे दोन अक्षरांचा शिक्का असतो. पहिलं अक्षर वर्ष, ए म्हणजे 1976. दुसरं महिना, ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर. मागच्या डिरेलरवर (गिअर बदलताना साखळी सरकवणाऱ्या भागावर) एचडी होतं, म्हणजे एप्रिल 1983. भाग बदलले जातातच, त्यात पाप नाही, पण मग ‘सगळं मूळचं’ असं लिहू नये.

पैशाचं सांगायचं तर, विकणाऱ्याने पेपॅलवर ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ने पाठवा, कमिशन वाचेल, असा आग्रह धरला होता. त्या मार्गाने पाठवलेल्या रकमेला खरेदीदाराचं संरक्षण नसतं. ‘गुड्स अँड सर्व्हिसेस’ने दिले असते तर वर्णनाशी वस्तू जुळत नाही म्हणून 180 दिवसांत तक्रार करता आली असती. कमिशन आपण भरतो म्हणून सांगा. तेवढ्यावर जो बिथरतो त्याच्याकडून घेऊ नका. आणि पैसे देण्याआधी विकणाऱ्याकडे सीट दांडी बाहेर काढतानाचा सलग व्हिडिओ मागा. ‘अडकली आहे, उंची तुम्हाला बरोबर होईल’ असं उत्तर आलं तर अॅल्युमिनियमची दांडी पोलादात जाम झाली आहे, किंवा त्याला ती दाखवायची नाही. दोन्हीत नुकसान तुमचंच.

या सगळ्यात खरा माल एकच निघाला, टीए या फ्रेंच कंपनीचा क्रँकसेट (पॅडलचे दांडे आणि पुढची दातेरी चाकं). त्याचा एक्स्ट्रॅक्टर (क्रँक ओढून काढायचं हत्यार) 23 मिलिमीटरचा लागतो, स्ट्राँगलाइट या दुसऱ्या फ्रेंच कंपनीच्या जुन्या क्रँकचा 23.35चा. कोणीतरी नेहमीचा 22चा ढिला लावून ओढला होता, आणि डाव्या क्रँकचे आटे साफ गेलेले होते.