पास काढला पोरीसाठी, कामी आला बगिच्याला

गेल्या जूनमध्ये जैवविविधता संग्रहालयाचा वर्षाचा कौटुंबिक पास काढला, तो पोरीच्या हट्टापायी. आमचं गाव वरूडकडच्या संत्रा पट्ट्यातलं, संग्रहालय एसटीनं तासाभरावर. आठ महिन्यांत महिन्याचा एखाददुसरा रविवार तिथं गेला, म्हणून लिहितो.

दालनांचं फार सांगण्यासारखं नाही. पेंढा भरलेले पक्षी, काचेत टाचलेली फुलपाखरं, २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरलेला नीलवंत. एकदा पाहून होतं. खरा माल आहे रविवारच्या कार्यक्रमांत.

पहिल्याच फेरीत पोरांना लिंबाच्या कोवळ्या पानावर पाखराची विष्ठा पडल्यासारखं काहीतरी दाखवलं. ती अळी होती, लिंबू फुलपाखराची. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि काडीनं डिवचली की डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढते. वास असा की बोट धुवावं लागतं. पोरं खूश. मी मागं उभा राहून हसत होतो, कारण हीच आमच्या संत्र्याच्या बगिच्यातली पानं खाणारी अळी. दर वर्षी हिच्यासाठी फवारा मारतो. तिथल्या ताईंना तसं सांगितलं, तर त्यांनी उलट विचारलं, झाडं किती वर्षांची? बारा. मग म्हणाल्या, नर्सरीतल्या जंबेरीच्या (ज्यावर संत्र्याचं कलम बांधतात त्या) रोपांना आणि नव्या कलमांना ती बोडकं करते, तिथं जपा. मोठ्या झाडाचं ती किती खाणार? मी चार दिवस झाडं मोजत फिरलो. खरंच, मोठ्या झाडांवर शोधावी लागत होती. यंदा तो फवारा फक्त नव्या लागवडीवर मारला.

दुसरी गोष्ट पतंगांच्या रात्रीची. सप्टेंबरातली अंधारी रात्र, दोरीवर पांढरी चादर, समोर एक बल्ब. तासाभरात चादर भरून गेली. त्यात एक जाडजूड पतंग बसला, वरून वाळल्या पानासारखा, पंख उघडले की खाली पिवळाजर्द आणि काळा. मी ओळखला. आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुललेलं पीक, पिकायला आला की हाच रात्री येऊन संत्र्याला सोंड खुपसतो. टाचणीएवढं भोक पडतं, भोवती फळ सडतं आणि दोन-चार दिवसांत खाली पडतं. आम्ही संध्याकाळी ओला पालापाचोळा पेटवून धूर करतो तो यासाठीच. पण याची अळी संत्र्यावर वाढतच नाही, ती गुळवेलीवर आणि वासनवेलीवर वाढते, हे मला त्या चादरीपाशी कळलं. पंधरा वर्षं कास्तकारी करतो आणि वेल माझ्याच धुऱ्यावर, म्हणजे बांधावर!

दुसऱ्या दिवशी विळा घेऊन निघालो तर आई आडवी आली. कोरोनापासून गुळवेलीचा काढा हे तिचं रोजचं औषध. म्हणाली, "मंग काढ्यात काय दगड टाकू का बावा?" शेवटी घरामागची एक वेल ठेवली, धुऱ्यावरच्या काढल्या. फळगळ त्यामुळं कमी झाली असं छातीठोकपणे म्हणणार नाही. शेजारच्या धुऱ्यावर वेली तशाच आहेत आणि पतंगाला सातबारा कळत नाही.

आता तक्रारी. पाट्यांवरची नावं पुस्तकी. सापांच्या दालनात "घोणस" लिहिलंय, आमचा सालदार पाटी वाचून पुढं गेला, चित्र पाहून परत आला, म्हणाला, "हे तं परड हाय." ज्याचा पाय रात्री ओलिताला जाताना तिच्यावर पडू शकतो, त्याला तरी नाव कळायला हवं ना? ती अंडी न घालता थेट पिल्लं देते, हे तिथं नीट समजावतात. पाटीवर "परड" हा एक शब्द वाढवायला काय जातं? दोनदा सांगितलं, वहीत लिहूनही दिलं. पाटी तीच आहे.

एकदा कार्यक्रम रद्द झाला आणि ते दारात पोचल्यावर कळलं. चार माणसांचं एसटीचं तिकीट आणि दिवस दोन्ही गेले. वेळाही गाडीवाल्यांच्या सोयीच्या : पक्षी फेरी सकाळी सहाला, आमची पहिली एसटी तिथं पोचते साडेसातला. पतंगांच्या रात्री परतायला गाडीच नव्हती, ओळखीच्या मेटॅडोरमध्ये मागं बसून आलो. आणि कार्यक्रमाच्या कागदावर "मुलांसाठी" छापतात, म्हणून आमच्याकडचा एकही बागायतदार तिकडं फिरकत नाही. पतंगांच्या रात्रीला "फळगळ" एवढं नाव दिलं असतं, तर चादरीसमोर उभं राहायला जागा मिळाली नसती.

पास जूनमध्ये पुन्हा काढणार आहे. पोरीनं बगिच्यातल्या अळ्या उचलून अंगणातल्या कढीपत्त्यावर सोडायचा सपाटा लावलाय; "मारू नको बाबा, मी नेतो तिले," म्हणते. तीन फुलपाखरं उडाली. कढीपत्त्याच्या मात्र काड्या उरल्यात, आणि आई फोडणीपुरती पानं शेजारून मागून आणते.