दाजीपूरच्या दगडाखालची पाल आणि घरच्या भिंतीवरची पाल

२००९ मध्ये दाजीपूरच्या जंगलातून शास्त्राला नवी ठरलेली पाल कोल्हापूरचंच नाव लावते: निमास्पिस कोल्हापुरेन्सिस. भिंतीवरच्या पालीशी गल्लत नको. आधी डोळा बघा. घरच्या पालीची बाहुली उजेडात उभी फट होते, हिची गोलच राहते. ही दिवसा वावरणारी. मग बोटं. घरच्या पालीच्या बोटांखाली चिकटपट्ट्या असतात, म्हणून ती छतावर उलटी धावते. हिच्याकडे फक्त नख्या. पालापाचोळा आणि खडबडीत दगड हेच तिचं घर. शेपूट दोघीही तोडतात, म्हणून पकडू नका.

घरची पाल माणसाच्या दिव्याखाली निभावते. हिला सावली, ओल लागते. दगड उलटलाच तर होता तसाच ठेवा. खाली अंडी असू शकतात.