यॉर्कच्या रेसकोर्सवर मालक म्हणून: एका सिंडिकेटच्या सेवेविषयी

इंग्लंडमध्ये शर्यतीचा घोडा एकट्याने बाळगणे पगारदार माणसाला परवडत नाही. सिंडिकेटमधून, म्हणजे अनेकांनी मिळून घोडा बाळगणाऱ्या गटातून, मात्र घोड्याचा लहानसा हिस्सा विकत घेता येतो. लीड्समध्ये राहणाऱ्या आम्हा काही मराठी कुटुंबांनी असा एका घोडीचा हिस्सा घेतला आहे. तिची शर्यत पाहायला आम्ही यॉर्कला गेलो होतो आणि या सेवेचे खरे मोल त्या दिवशी कळले, म्हणून हिस्सा घेण्याचा विचार करणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहीत आहे.

यॉर्कच्या नेव्हस्मायर मैदानावर 1731 पासून शर्यती होत आहेत. मालकांसाठी वेगळे प्रवेशद्वार, बिल्ले आणि स्वतंत्र भोजनकक्ष आहे. जेवण उत्तम होते आणि कर्मचारी एका टक्क्याच्या मालकालाही पूर्ण मालकाइतक्याच आदराने वागवत होते.

पण दिवसाचा गाभा म्हणजे पॅरेड रिंग, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवून दाखवतात ते कठड्याचे आवार. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर स्टँडमधून दुर्बिणीने रेस पाहण्याची सवय असलेल्या माणसाला, आपल्या घोडीपासून चार पावलांवर उभे राहून ट्रेनरचे बोलणे ऐकणे किती वेगळे वाटते, हे सांगून पटणार नाही. मोतद्दार मुलगी घोडीला फिरवत असताना ट्रेनरने आम्हाला स्पष्टपणे सांगितले की, रात्रीच्या पावसाने जमीन मऊ झाली आहे, तिला कडक जमीन मानवते, तेव्हा पहिल्या क्रमांकाची आशा धरू नका. जॉकीला त्याने दिलेली सूचनाही आमच्यासमोरच दिली: यॉर्कची शेवटची सरळ धाव जवळजवळ 5 फर्लांगांची (8 फर्लांग म्हणजे 1 मैल) आहे, त्यामुळे वळणावरून बाहेर पडताच घाई करणारी घोडी शेवटी थकते; शेवटचे 2 फर्लांग उरेपर्यंत तिला इतरांच्या मागेच ठेव. आपण पाहणार आहोत ती शर्यत कशी उलगडणार आहे, हे आधी समजल्यामुळे पुढचे दीड-दोन मिनिटे आम्ही नुसते ओरडलो नाही, तर नीट पाहिलेही.

शर्यत 1 मैलाच्या हँडिकॅपची होती, म्हणजे ज्याचे मानांकन अधिक त्याच्या पाठीवर वजन अधिक, एका गुणामागे एक पौंड. घोडी चौथी आली. जॉकीने खोगीर उतरवून स्वतःचे वजन करवून घ्यायला जाण्यापूर्वी, शेवटी ती पुढच्यांना गाठत होती आणि तिला आणखी 2 फर्लांग मिळायला हवेत, असे आम्हाला सांगितले. हे संभाषण मिनिटभराचेच असते, पण हिश्शाचे पैसे मला त्या मिनिटात वसूल झाल्यासारखे वाटले.

दोन तक्रारी नोंदवणे आवश्यक आहे. सर्व सभासदांना रिंगमध्ये जाता येत नाही, बिल्ले सोडतीने मिळतात, आणि ज्यांचा क्रमांक लागला नाही अशा आमच्यातल्या काहींना कठड्याबाहेरून पाहावे लागले. ही अट हिस्सा विकताना ठळकपणे सांगायला हवी होती. शिवाय पशुवैद्याचा आणि वाहतुकीचा खर्च मासिक वर्गणीत धरलेला नसल्याचे आम्हाला बिल आल्यावर समजले.

सभासदसंख्येचा प्रश्न मोठ्या नावांनाही चुकलेला नाही. 2005 साली एप्सम डर्बी ही इंग्लंडमधली मानाची शर्यत जिंकणाऱ्या मोटिव्हेटर या घोड्याच्या मागे रॉयल ॲस्कॉट रेसिंग क्लबचे 230 सभासद होते. दुसऱ्या टोकाला ड्रीम अलायन्स हा घोडा आहे: वेल्समधल्या एका खाणगावातल्या मोजक्या लोकांनी आठवड्याला प्रत्येकी 10 पौंड बाजूला काढून तो सांभाळला आणि 2009 साली त्याने वेल्श ग्रँड नॅशनल ही अडथळ्यांची मोठी शर्यत जिंकली. माझे स्पष्ट मत असे की पहिल्यांदा हिस्सा घेणाऱ्याने लहान गटच निवडावा. बक्षिसाचा वाटा हाती कमी-अधिक येईल, पण ट्रेनरशी बोलण्याची संधी नसेल तर वर्गणीतून मिळते ती फक्त घोड्याची बातमी.

करार करताना हेही विचारून घ्यावे की आपण सिंडिकेटमध्ये सहमालक होत आहोत की क्लबचे सभासद, कारण क्लबमध्ये घोडा क्लबच्या मालकीचा असतो आणि तो विकल्यास सभासदाला विक्रीतला वाटा मिळेलच असे नाही. वर्षाच्या खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा.

आम्ही पुढच्या हंगामासाठी हिस्सा कायम ठेवला आहे. ट्रेनरने जॉकीचा सल्ला मानला असून घोडीची पुढची नोंदणी 1 मैल 2 फर्लांगांच्या शर्यतीसाठी केली आहे.